पाठीचे हुक

पटलं नाही तर सोडून द्या, पण थापा मारायची हौस मला नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. मला सांगताना तिनं एकदाही मान वर केली नाही, आणि माझी आत्या मान खाली घालणाऱ्यातली नाही.

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात ना?

ही भर दुपारची आहे. गेल्या हिवाळ्यातली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोरच्या सलूनमध्ये रेडिओ चालू होता.

आत्याचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. जुने म्हणजे टाकाऊ नव्हेत हं, तसं म्हटलंत तर ती तुम्हाला दुकानाबाहेर काढेल. आजी-पणजीच्या काळातले लेसचे झगे, लोकरीचे कोट, मोत्याच्या बटणांचे ब्लाउज. फाटलेलं ती स्वतः दुरुस्त करते. टाका कुठे घातलाय ते शोधून सापडत नाही, म्हणून सगळे तिला टाकेबाई म्हणतात.

दुकानात नायलॉनला मात्र सक्त बंदी. नुसतं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडते.

हे लक्षात ठेवा.

एक दिवस एक म्हाताऱ्या बाई आल्या. ताठ पाठ, बारीक चण. तरुणपणी बॅले नाचायच्या. त्यांनी मोठ्या गोल डब्यातून एक टूटू काढला. टूटू म्हणजे बॅलेचा तो झगा, कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला. सुती जाळीचे थरावर थर, खळ देऊन कडक केलेले, आणि प्रत्येक टाका हाताचा.

आत्यानं आधी हात पुसले.

"माझ्या गुरूंचा आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या आधी त्यांच्या गुरूंचा. फार पूर्वी घोट्यापर्यंत घागरे असायचे. पायांचं काम लोकांना दिसावं म्हणून ते वर वर चढत गेले. काहीजणी तर स्टेजवरच्या गॅसच्या दिव्यांनी पेटून गेल्या, पोरी. फुकट नाही आलेला हा इथपर्यंत."

मग त्यांनी झगा उलटा करून पाठ दाखवली. हुक अडकवायला एक नाही, तीन ओळी होत्या. अंग भरलं, सुटलं, दुसरीनं घातला, तरी झगा बसायला हवा ना!

"डागडुजी करून ठेव. मी गेले की मला हाच घालायचा. आणि हुक तू लावायचे. माझ्या मुलीला नाही जमायचं ते."

"लावीन की," आत्या म्हणाली. "पण इतक्यात कुठे निघालात?"

दोघी हसल्या.

डागडुजी करता करता आत्याचा जीव त्या झग्यात अडकला. एवढी जुनी वस्तू बाईंबरोबर जाणार? कायमची? दुकानाच्या काचेआड हा टूटू, बघायला जमलेली माणसं... तिला सगळं दिसायला लागलं. आपण जुनं वाचवतोय, असं तिनं स्वतःला बजावलं. खरं तर तिला लोभ सुटला होता. हा शब्द तिचाच आहे, माझा नाही.

तिनं घरी बसून हुबेहूब दुसरा टूटू शिवला. सुती जाळी मिळेना, म्हणून नायलॉनची घेतली.

हुकांची मात्र एकच ओळ घातली.

पाठीवर निजलेल्या माणसाची पाठ कोण बघतंय?

बाई गेल्याचा फोन आला, तेव्हा आत्यानं ताप आल्याचं सांगितलं. त्या चेहऱ्यासमोर उभं राहायची तिची छाती झाली नाही. नवा टूटू तिनं रिक्षावाल्याच्या हाती पाठवून दिला.

खरा तिनं दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवला. उलटा. टूटू उलटाच ठेवतात, नाहीतर थर खाली लोंबायला लागतात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर...

तो सुलटा होता.

उंदीर असेल, आत्यानं मनाला समजावलं. तिनं तो परत उलटा केला.

त्याच दुपारी ती एका कोटाचं अस्तर लावत बसली होती. दुकानात कुणीच नव्हतं. आणि मागून आवाज आला...

सर्रर्र.

तिची सुई थांबली.

सुती जाळी वाजते ती कोरड्या पाचोळ्यासारखी, खरखर. हा आवाज गुळगुळीत होता. कपड्यांच्या आवाजात आत्याची चूक होत नाही.

ते नायलॉन होतं.

असे कितीतरी दिवस गेले. रोज सकाळी झगा सुलटा, आणि दुपारी तो आवाज. कधी आरशापाशी, कधी ट्रायल रूममध्ये. समोर सलूनचा रेडिओ चालू असायचा, तो आवाज सुरू झाला की रेडिओ ऐकूच यायचा नाही.

मग एक गिऱ्हाईक बाई आली. साधी, बडबडी. हातात दुकानातला एक कोट घेऊन ट्रायल रूमकडे गेली आणि लगेच परत आली.

"अहो, आत एक आजी आहेत. पाठमोऱ्या उभ्यात. पाठीचे हुक लावून द्या म्हणतात."

आत्यानं कात्री बाजूला ठेवली.

ती उठून तिकडे गेली. पडदा बाजूला केला.

आत कुणी नव्हतं.

फरशीवर पांढऱ्या जाळीचा एक तुकडा पडला होता. बोटाएवढा. तिनं उचलून चोळून पाहिला... नायलॉन.

दोन दिवसांनी बाईंची मुलगी आली. आत्याला वाटलं, कळलं हिला. आता चारचौघांत आपली लाज जाणार. पण मुलीनं तिला मिठीच मारली.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? आई काय सुंदर दिसत होती! तापात असूनही आठवणीनं पाठवलात तुम्ही."

आत्यानं तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"एकच राहिलं. शेवटी शेवटी आईच्या अंगाला सूज आली होती. मागचे हुक काही केल्या पोचेनात. तीन ओळी असतात म्हणायची ती, मला तर एकच दिसली. मला त्यातलं काय कळतंय! मग पाठ तशीच उघडी ठेवली. कुणाला दिसलं नाही." तिचे डोळे भरून आले. "पण तिला चाललं नसतं हो. उघड्या पाठीनं ती विंगेतून पाऊलसुद्धा बाहेर टाकायची नाही."

खरा टूटू दोघींच्या डोक्यावर, फळीवरच होता.

मुलीनं फक्त मान वर करायचा अवकाश होता. आत्यालाही फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली,

"चहा घेणार?"

हे सांगताना आत्या रडली. भूत राहिलं बाजूला, या दोन शब्दांची मला जास्त लाज वाटते, म्हणाली.

मुलगी गेल्यावर तिनं खरा टूटू खाली काढला. ट्रायल रूममध्ये टांगला. सगळे हुक मोकळे करून ठेवले.

"न्या," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "तुमचाच आहे. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी झगा तिथेच होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

आणि दुपारी पडद्यामागून...

सर्रर्र.

या वेळी ती थांबली नाही. सरळ आत गेली.

बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. मान ताठ, केस वर बांधलेले. पाठ कमरेपर्यंत उघडी. वाट बघत होत्या, स्टेजवर जायच्या आधी बघतात तशी.

आत्यानं दोन्ही कडा धरून ओढल्या. हुक पोचेना.

झगा सैल करायला सुईदोरा घेऊन गेलं की आत कुणीच नसतं. रिकाम्या हातांनी गेलं तरच त्या असतात.

मुलीला तिनं अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा म्हटलं. ती नुसती मान हलवते.

परवा मी दुकानात बसले होते. ऊन होतं, रेडिओ चालू होता. अचानक तो ऐकू येईनासा झाला.

आत्यानं हातातली शिवण खाली ठेवली. उठून पडद्याआड गेली.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

तीच म्हणाली, मान खाली घालून.

"अजून बोटभर कमी पडतंय गं."