चावी कोण देतंय

दिवा असू दे रे, मालवू नकोस. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी म्हणतोय. ज्याला झोप आली असेल त्याने आत्ताच उठून जावं. नंतर जिन्यात एकट्याला अडकायला झालं तर मला बोल लावायचा नाही.

भुताखेतांवर माझा फारसा विश्वास नाही, पण माझ्या साडूवर आहे. साडूचं कौतुक करायचं माझ्या अगदी जिवावर येतं, तरी सांगतो, त्या माणसाला थाप मारता येत नाही. बायकोसाठी गुपचूप भेट आणली तरी दारातच त्याच्या कपाळावर घाम दिसतो. घड्याळं आणि शिलाई मशिनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे, आणि चावीचे जुने ग्रामोफोन हे त्याचं वेड. दोन मुलींची शिक्षणं, आईचं औषधपाणी, सगळं घर त्या एका माणसाच्या उजव्या हातावर चाललेलं. तो हात गेला तर सगळे उघड्यावर.

गेल्या वर्षीची गोष्ट. एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. हा दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात एक बाई आल्या. त्या घर सोडून चालल्या होत्या, पहाटे ट्रक येणार होता. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि सासऱ्यांचा ग्रामोफोन. नवऱ्याने निक्षून सांगितलं होतं, वाजत असेल तर ट्रकमध्ये चढवा, नसेल तर भंगारात द्या. बाईंचा चेहरा रडवेला झाला होता. त्या म्हणाल्या, सासरे दुसरं काहीच मागत नाहीत हो, एवढ्या एकाच गोष्टीसाठी जीव टाकतात. आमचा साडू विरघळला. विरघळायला त्याला कारण लागतं थोडंच! हत्यारांची पिशवी घेतली आणि निघाला.

घर जवळजवळ रिकामं झालेलं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. आतल्या खोलीत म्हाताऱ्यांची खाट होती, दार अर्धवट लोटलेलं. बाहेरच्या खोलीत स्टुलावर तो ग्रामोफोन, वर दिवा. बाई म्हणाल्या, मी शेजारी किल्ल्या देऊन येते, आणि बाहेरून कडी लावून गेल्या.

याने चावी दिली. थाळी फिरली, पण गचके खात, आतून धडधड आवाज करत. याला रोग लगेच कळला. आत एका गोल डब्यात पोलादाची लांबच लांब पट्टी गुंडाळून बसवलेली असते, तीच स्प्रिंग. तिचं ग्रीस वर्षानुवर्षांत वाळून घट्ट झालं होतं. डबा उघडायचा, पट्टी बाहेर काढायची, रॉकेलने धुवायची, नवं ग्रीस लावून परत बसवायची. काम नेहमीचं, पण त्याला एक नियम आहे. स्प्रिंगमध्ये ताण असताना डबा उघडायचा नाही. उघडलात तर ती पट्टी तलवारीसारखी सुटते आणि समोर बोट आहे की मनगट, ते बघत नाही.

नियम याला पाठ होता. थाळी आपोआप थांबेपर्यंत त्याने फिरू दिली. थांबली. चावी द्यायचं हँडल काढून शर्टाच्या खिशात टाकलं. मग यंत्र पेटीतून उचलून खाली कागदावर ठेवलं, स्वतः मांडी घालून बसला आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

कट्.

चावी देताना जो आवाज येतो ना, दात्यावरून दाता सरकल्याचा, तोच. त्याने यंत्राकडे पाहिलं. काही हलत नव्हतं. त्याला वाटलं, उंदीर असेल.

कट्... कट्.

तेवढ्यात आतून म्हाताऱ्यांचा आवाज आला. "चावी कोण देतंय?"

"कुणी नाही, आजोबा."

"देतंय कुणीतरी."

साडूने खिसा चाचपला. हँडल खिशातच होतं.

त्याच्या अंगावर काटा आला, पण पहाटेचा ट्रक डोळ्यांसमोर होता. थाळीचा दांडा बोटाने ढकलून पाहिला. ढिम्म हलेना. म्हणजे ताण नाही. त्याने स्वतःचीच समजूत घातली. डावा हात डब्यावर दाबून धरला. उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हर झाकणाच्या फटीत घातला.

कट्. कट्. कट्. कट्.

भरभर. कुणाला तरी घाई झाल्यासारखं.

"थांबव," म्हातारे म्हणाले. "थांबव रे..."

तो नाही थांबला. झाकण जरासं वर आलं.

आणि मनगट धरलं.

गार. घट्ट. समोरून.

समोर कुणी नव्हतं. दिवा जळत होता. दाराची कडी लावलेली होती. आणि त्याचा हात मागे चालला होता. तो ओढत नव्हता. हात... चालला होता. तोल जाऊन तो पाठीवर पडला.

डबा फुटला.

झाकण भिंतीत घुसलं. पट्टी खोलीभर तडतडत उसळली, स्टूल आडवं केलं, आणि फरशीवर थरथरत पडली. जिथे याचे हात होते तिथे.

मग काही नाही... काहीच नाही.

सांगतो, काय झालं होतं ते. ग्रीस इतकं घट्ट झालं होतं की पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटून राहिले होते. थाळी थांबली, पण ताण आत तसाच होता. ही गोष्ट याला माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. घाईत माणूस स्वतःचंच ज्ञान विसरतो.

आतून म्हाताऱ्यांनी विचारलं, "लागलं का रे?"

"नाही."

 म्हातारे म्हणाले, "ताईला लागलं होतं."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणी एकदा ग्रामोफोन बंद पडला. मोठी माणसं घरी नव्हती. या धाकट्या भावाने हट्ट धरला, आत्ताच्या आत्ता वाजव. भावाचे अश्रू पुसायला ताईने डबा उघडला. पुढचं म्हाताऱ्यांना बोलवेना. एवढंच म्हणाले, त्या दिवसानंतर तिने कधी कुणाला त्या यंत्राला हात लावू दिला नाही. चावी जन्मभर तीच द्यायची. तिला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

बाई परतल्यावर साडूने रात्रभर बसून काम केलं. हातमोजे घालून. पहाटे ग्रामोफोन वाजला, म्हातारे डोळे मिटून रडले आणि ट्रक गेला. हा तिथून थेट माझ्याकडे आला. त्याने उजवी बाही वर केली.

मनगटावर काळे ठसे होते. जुन्या, वाळलेल्या ग्रीसचे. साबणाने, रॉकेलने घासून कातडी लाल झाली होती, ठसे तसेच. त्याचे स्वतःचेच असतील म्हणून मी त्याचा डावा हात त्यावर ठेवून बघितला. जमेना. अंगठा उलट्या बाजूला होता. समोर बसलेल्याने धरावं तसा.

मी विचारलं, "त्या ताईंची कुठली बोटं गेली होती?"

तो म्हणाला, "विचारायचा धीर झाला नाही."

मग मी माझा हात ठेवला. त्याच्या समोर बसून. अंगठ्यावर अंगठा बसला. पहिलं बोट बसलं. मधलं बसलं...

उरलेल्या दोन बोटांचे ठसेच नव्हते. ती मी मिटून घेतली.