अकरा मेंदूंचे मास्टर गेज

मिरजेच्या एका मेंदू संशोधन केंद्रात, संध्याकाळी सव्वासातला, डॉ. चारुलता टिपणीस सही करण्यासाठी पेन शोधत होत्या. पेन त्यांच्या खिशातच होते. समोर भानुदास लोंढे मान खाली घालून बसले होते. कारखान्यातले निवृत्त टर्नर, पंचवीस वर्षे दारू, आणि मग तिच्यावाचून चौदा महिने. मंगळवारी मात्र ते दुकानात गेले आणि क्वार्टर संपवून आले. प्रयोगाचा नियम सरळ होता: जो प्यायला, त्याच्या डोक्यात बसवलेले यंत्र, म्हणजे संतुलक, बंद. सहीच्या कागदावर बाईंनी कारणही लिहून ठेवले होते, 'इच्छाशक्ती कमी'.

"तो बंद केला की मी परत तसाच होणार का?" लोंढ्यांनी विचारले. "नातीला आणायला निघालो आणि तिची शाळा कुठली तेच आठवेना, तसा?"

डॉ. नझीर मुजावर परीक्षण समितीकडून आले होते. गोड बोलून वेळ मारून नेणे त्यांना कधी जमले नव्हते.

"बहुतेक होय. मेंदूत एक रसायन शांतवतं, एक चेतवतं. दारू शांतवण्याचं काम करते. ती रोज मिळायला लागली की मेंदू म्हणतो, मग मी कशाला राबू? तो स्वतःचं शांतवणं कमी करतो, चेतवणं वाढवतो. दारू चुकली की हात थरथरतात. वर्षानुवर्षं असंच चाललं, तर कपाळामागचा विचार करणारा भागच झिजतो. संतुलक ही दोन्ही रसायनं दर तासाला निरोगी माणसाच्या त्या तासाच्या पातळीवर आणून ठेवतो. म्हणून तुमचं डोकं पुन्हा चालायला लागलं."

"चालतंय म्हणूनच विचारतो, साहेब. निरोगी माणूस म्हणजे कोण?"

"आहे कोणीतरी. त्याच्या मेंदूची चौदा दिवस नोंद घेतली. त्याला आम्ही संदर्भमेंदू म्हणतो. अकराही रुग्णांना त्याचंच माप लावलंय."

लोंढ्यांनी बोटांनी टेबलाची कड चाचपली.

"मी प्यायचो सकाळी सहाला, पहिल्या पाळीच्या आधी. आता सकाळी काहीच होत नाही. दारूसाठी जीव जातो तो संध्याकाळी साडेसातला. आम्ही अकराजण गुरुवारी चहाला बसतो. माळीबाई दुपारी घ्यायच्या, तो ट्रकवाला पहाटे. आता सगळ्यांचा जीव साडेसातलाच जातो. मी बत्तीस वर्षं लेथवर काढली. कातलेले अकरा भाग, अकरा जॉब, एकाच बाजूला, एकाच मापानं चुकले, तर जॉब भंगारात टाकत नाहीत. ज्यावरून सगळी मापं लावली, ते मास्टर गेज आधी तपासतात."

मुजावर हळूच बाईंकडे वळले. "नोंदीत नाव झाकलेलं आहे. संदर्भमेंदू कोणाचा, टिपणीस?"

केंद्राची जुनी शिस्त होती: यंत्र ज्याने बनवले, त्याने ते आधी स्वतःच्या डोक्याला लावायचे. संतुलक बाईंनीच बनवलेला, म्हणून ती अभिमानाने पाळून त्यांनी चौदा दिवसांची नोंद स्वतःच्याच मेंदूची घेतली होती. त्या दिवसांत थेंबही घेतला नव्हता, म्हणून मद्यपानाच्या रकान्यात 'नाही' लिहिले. त्याआधी नऊ वर्षे, आणि त्यानंतरही, रोज साडेसातला वाइनचे दोन ग्लास होतेच. झोप यावी म्हणून. त्याला दारू म्हणतात हे त्यांना कधी सुचलेच नाही. दारूची वेळ झाली की सवयीचा मेंदू आधीच चेतवणे वाढवून तयार राहतो, हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत. त्या चौदा संध्याकाळी त्यांचे हात थरथरत होते. तेव्हा त्यांनी ते कामाच्या ताणावर ढकलून दिले. आपली चूक ओळखण्याचे काम ज्या भागाचे, तोच आधी झिजतो. स्वतःची थरथर त्यांनी अकरा माणसांच्या डोक्यात भरली होती आणि वर त्यांनाच इच्छाशक्ती कमी म्हणून नावे ठेवली होती.

'माहीत नाही' म्हटले असते तर भागले असते. नाव फक्त त्यांनाच ठाऊक होते.

"माझा," त्या म्हणाल्या. "लोंढे, मंगळवारी तुम्ही नाही प्यायलात. मी प्यायले."

त्यांनी कागदावरचे लोंढ्यांचे नाव खोडले आणि तिथे स्वतःचे लिहायला घेतले. अक्षर वेडेवाकडे आले. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते.

लोंढ्यांनी उठून आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बसा, मॅडम," ते म्हणाले. "पहिली वीस मिनिटं वाईट असतात. मला पाठ आहेत."