लिंबाची गुटी

केळीच्या चिकाचा डाग जात नाही, हे हिलालने सांगितलं तेव्हा तो रत्नप्रभाच्या पांढऱ्या ओढणीवर पडून चुकला होता. आधी सांगायचं ना, म्हणून ती फणकारली. तो नुसता हसला... आणि त्या हसण्यानेच पुढचा सगळा घोळ केला.

ती धुळ्याच्या शेतकी कॉलेजातली. काविळीमुळे तिचा फळझाडांचा विषय राहिला होता. जळगावच्या उन्हाळी वर्गात तो पूर्ण करायचा आणि त्याचे क्रेडिट धुळ्याला न्यायचे. नाही जमलं, तर मावशीकडे राहून पुढचं वर्ष जळगावातच काढायचं. "कधी एकदा धुळ्याला परत जाते असं झालंय," असं तिने त्याच दिवशी हिलालला ऐकवलं. तो यावलचा, त्याच वर्गातला, आणि ऐकलेलं मनात धरून ठेवणारा.

वर्ग सुरू होतो न होतो तोच धुळ्याहून कळलं, की नुसत्या केळीवर भागणार नाही. लिंबाच्या फांदीवर स्वतःच्या हाताने गुटी बांधायची, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून तिचं रोप करायचं. मुळं फुटली तरच क्रेडिट. रत्नप्रभाने फांदीची साल गोल सोलली, ओलं शेवाळ लावून वर गोणपाट बांधलं. हिलालने वरच्या फांदीला मडकं टांगलं. त्याच्या बुडाच्या भोकातली चिंधी गुटीवर थेंब थेंब पाणी सोडायची. जळगावचं मे महिन्याचं ऊन ते... मडकं एक दिवस कोरडं राहिलं की गुटी वाळलीच.

हळूहळू तिला ती वाळावी असंच वाटायला लागलं. बांधावर बसून दोघं कळण्याची भाकरी खायचे. यावलच्या मुलांना केळीशिवाय कुणाशी बोलता येत नाही वाटतं, असं ती चिडवायची.

"येतं की," तो विळ्याच्या धारेकडे बघत म्हणायचा, "पण ऐकणारं माणूस थांबणारं पाहिजे..."

त्याचा रोख तिला कळायचा. पण गुटी वाळली की वर्षभर इथेच आहोत, बोलणं कुठे पळून चाललंय, असं म्हणून ती गप्प राहायची. मडक्याकडे तर ती मुद्दाम फिरकायचीच नाही.

शेवटी सरांनी गोणपाट सोडलं. आत पांढरीशुभ्र मुळं! सरांनी तिची पाठ थोपटली, सही केली. घरी वडिलांना आता जळगावात राहायचं कारण तरी काय सांगणार?

स्टँडवर हिलाल त्या फांदीचं रोप घेऊन आला. मुळांभोवती ओलं फडकं त्याने नीट गुंडाळलं होतं. गाडीच्या खिडकीतून रोप घेताना तिने विचारलं, "मडकं कोण भरायचं?"

"मीच. सकाळ-संध्याकाळ. तुम्हाला धुळ्याला जायचं होतं ना."

"ते मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, हिलाल."

त्याने खिडकीची सळई धरली. "मनात यायचं, आज नको भरायला..." त्याचा आवाज उतरला. "मग वाटायचं, माझ्यासाठी तुमचं वर्ष कशाला घालवू?"

"घालवायचं होतं..." ती म्हणाली.

कंडक्टरने घंटी दिली. पारोळा येईपर्यंत तिने रोप मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं, आणि फडक्याचं पाणी ओढणीवरच्या त्या डागावर झिरपत होतं.

धुळ्याला क्रेडिट मान्य झाले. अंगणात लावलेल्या त्या लिंबाला पहिला बहर आला, त्या उन्हाळ्यात हिलालचं लग्न झाल्याचं मावशीने कळवलं. रत्नप्रभा भरलेली बादली हातात धरून झाडापाशी बराच वेळ उभी राहिली... मग तिने पाणी घातलं.