ढगावरचं ठिगळ

"फोटोत ढग आला म्हणून त्यावर जुन्या फोटोचा तुकडा चिकटवताय होय? चिकटवा. पण आधी हे ऐका. मग रात्री झोप लागली नाही तर माझ्या नावानं बोटं मोडू नका." ड्रायव्हरकाकांनी खुर्ची पुढे ओढली. खारफुटीच्या सर्वेक्षणाला आलेल्या तिघा नव्या मुलांनी लॅपटॉप मिटले.

गोष्टीतला माणूस काकांच्या ओळखीचा. खारफुटी किती जगली, किती वाळली, कुठल्या मातीत मीठ चढलं, हे उपग्रहाच्या फोटोंवरून तो ऑफिसात बसून सांगायचा. सगळे त्याला पिक्सेल म्हणत. त्या आठवड्यात एक मच्छीमार होडीसकट बेपत्ता झाला आणि शोधपथकानं खाडीचा ताजा फोटो मागितला. तसं दहा मिनिटांचं काम. पण फोटोत एका जागी ढग होता. "असला भोकं पडलेला फोटो पाठवून माझी अब्रू घालवू नकोस," त्याच्या वरच्या मॅडम फिस्कारल्या. पिक्सेलनं नेहमीचीच युक्ती केली. गेल्या महिन्यातला हिरवा तुकडा त्या ढगावर बेमालूम बसवून दिला. इथं नुसती झाडंच आहेत, असं समजून पथकानं तेवढा भाग सोडून दिला.

पाचव्या दिवशी मच्छीमाराची बहीण ऑफिसात येऊन थडकली.

"उद्या सकाळी शोध बंद करणार म्हणे! का, तर तुझ्या फोटोत माझा भाऊ नाही. डोळे फुटले होते का रे?"

"ताई, फोटो खोटं बोलत नाही," पिक्सेल म्हणाला.

खरं सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर तो माणूस... शेवटी त्यानं ठरवलं, गुपचूप स्वतःच जाऊन बघायचं. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. ओहोटी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी. त्याशिवाय तिथं पायी जाणं शक्य नव्हतं.

"एकटाच गेला?" तिघांतल्या चष्मिशनं विचारलं.

"मग काय बँड लावून जाणार?"

कुणी हसलं नाही.

चिखल घोट्यापर्यंत. खारफुटीची उभी मुळं बुटांतूनही तळव्यांना टोचत होती. हातातलं जीपीएस यंत्र ढगाखालच्या त्या जागेचं अंतर दाखवत होतं. साठ मीटर. तीस. बारा. टॉर्चच्या उजेडात दोन-तीन खोडं दिसायची, पुढे नुसता काळोख. सहा मीटरवर तो दम खायला थांबला.

तेव्हा आवाज आला. डबा लाकडावर घासल्याचा. मग पाणी फेकल्याचा. पुन्हा घासल्याचा.

कुणीतरी होडीतलं पाणी उपसत होतं.

पण पाणी होतंच कुठे? सगळी ओहोटी.

त्यानं यंत्राकडे पाहिलं. पाच मीटर.

तो तर उभाच होता.

चार.

"काका, दार लावू का?"

"बस खाली."

तीन. त्यानं एक पाऊल मागे घेतलं. दोन. अजून एक. एक...

शून्य.

उपसणं थांबलं. आणि अगदी कानाशी, शांतपणे कुणीतरी विचारलं,

"आता दिसतोय का?"

...

तो पळाला. एक बूट चिखलात रुतला, तो त्यानं तिथंच सोडला. धडपडत, रक्ताळलेल्या पायानं पथकाच्या तंबूत शिरला आणि सगळं ओकून मोकळा झाला. ढग, तुकडा, सगळं. कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं गालाला हातही लावला नाही.

उजाडल्यावर सगळे गेले. होडी बरोबर त्याच जागी होती. मच्छीमार आत बसलेला, पाय मोडलेला, हातात डबा. गेलेला. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत जीव होता.

बहीण रडली नाही. होडीत वाकली आणि फळीखालून तिनं एक बूट बाहेर काढला. पिक्सेलचाच. रात्री चिखलात सुटलेला. नाडी तशीच बांधलेली.

आतून बाहेरून त्याला शिंपल्यातली कालवं चिकटली होती. तळहाताएवढी, दगडासारखी घट्ट. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला.

"एवढी वाढायला," ती म्हणाली, "दोन वर्षं लागतात."