एरंडेलाचा वास

दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या बाईला घाण बघवत नाही, आणि चिमटीला तर मुळीच नाही. चिमटी हे नाव दादाने ठेवलेलं, तिच्या बारीक बोटांवरून. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या हौशीच्या, उडवायच्या छोट्या विमानाचं इंजिन, मुठीत मावेल एवढं, इंधनात मिसळायच्या एरंडेलाच्या जळक्या थराने गच्च जाम होऊन बसलं होतं.

"रविवारी भंगारवाला येतोय," बाबांनी जाहीर केलं. "दादाची खोली रिकामी करायची. किती दिवस जीव जाळत बसायचं?"

"आणि हे इंजिन चालू झालं तर?" चिमटीने विचारलं.

"तर खोलीला हात लावणार नाही. पण त्याचा दगड झालाय, पोरी."

झालं! चिमटीने बाह्या सरसावल्या. सगळं दवाखान्याच्या शिस्तीत. खिडक्या उघड्या, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पेट्रोलचं तर नावच नको, घर थोडंच पेटवायचं होतं! कोमट साबणपाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि पुन्हा कधी दुधाला घ्यायचं नाही असं एक टाकाऊ पातेलं. सुटे भाग दादाच्या टेबलावर, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. फक्त दांडी वेगळी. वरखाली होणारा दट्ट्या आणि पंख्याचा आस यांना जोडते ती ही करंगळीएवढी दांडी. ती नसेल तर दट्ट्याचा पंख्याशी काडीचाही संबंध उरत नाही. तिच्या भोकातलं पितळी कडं नाजूक, म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या वाटीत भिजत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर फडक्यावरचे भाग पुन्हा काळे. पातळ, ताजं तेल. खोलीभर जळक्या एरंडेलाचा वास. दट्ट्या उचलला तर कोमट लागला. उन्हाने तापला असेल, असं तिने मनाला समजावलं. पण त्या खोलीत ऊन कधीच येत नसे.

जेवताना बाबा कुरकुरले. "दुपारची ती घरघर बंद कर बाई. डोळ्याला डोळा लागत नाही."

"बाबा, दुपारी मी दवाखान्यात होते."

"मग काय, आपोआप चालतंय? सुटं सुटं?"

चिमटीने घास ताटात परत ठेवला. मग तिने उठून सगळं पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं. खरं तर तिची पाचावर धारण बसायला हवी होती, पण आला तो राग. दादा असाच छळायचा, तिने पुसलेल्या आरशावर मुद्दाम बोटं उमटवायचा.

"बघूच कोण दमतं ते!" रिकाम्या खोलीला सुनावून तिने ब्रश उचलला.

रविवारी शेवटचा स्क्रू आवळते न आवळते तोच फाटकाशी गाडी वाजली. चिमटीने घाईघाईने पंखा बोटाने फिरवून पाहिला. दट्ट्या वर आला, खाली गेला. तिने इंजिन अंगणातल्या बाकाला घट्ट बसवलं, इंधन भरलं, बॅटरीची वायर लावली आणि काठीने पंख्याला झटका दिला.

फट्. पुढे काही नाही.

"ताई, वजन करू का?" भंगारवाल्याने विचारलं.

"थांब रे जरा!"

दुसरा झटका. इंजिन असं किंचाळलं की छपरावरची कबुतरं उडाली.

"चाललं गं! चाललं!" बाबा टाळ्या पिटत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा रे बाबा तू, इथलं काही विकायचं नाही!"

चिमटी लहान पोरीसारखी जागच्या जागी उड्या मारत होती. "जिंकलो की नाही, दादा!"

हात पुसायला फडकं आणावं म्हणून ती हसत हसत स्वयंपाकघरात गेली.

दांडी वाटीतच होती.

बाहेर इंजिन एकसारखं चालू होतं.

वाटीतून वाफ निघत होती. साबणपाणी काळं झालं होतं.

"अगं चिमटे," बाहेरून बाबांनी विचारलं, "हे बंद कसं करायचं?"

तिने एक बशी घेतली आणि धक्का न लावता वाटीवर अलगद ठेवली.

"बंद नका करू, बाबा. चालू द्या."

बशी वाटीच्या काठावर हळूच वाजायला लागली, बाहेरच्याच ठेक्यात.