बोंबलांच्या दोरीवर पायजमा

एकनाथची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण मीच काढलं.

सहासष्ट सालची दिवाळी. शनिवारी सकाळी डोक्यावर बोंबलांची पाटी घेऊन मी एडवणच्या किनाऱ्यावर, आमच्या नेहमीच्या जागेवर आले, तर तिथं एक जुनी, हिरवी, लांबलचक स्टेशन वॅगन उभी! शेजारी तंबू, तंबूपुढं स्टोव्ह, स्टोव्हवर चहा. आणि बोंबील सुकवायच्या आमच्या दोऱ्यांवर... चार टॉवेल आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"ओ सायेब! हा पायजमा कोनाचा?"

तंबूतून एक उंच, सावळा तरुण बाहेर आला. केसांत वाळू, हातात कप.

"माझा. का?"

"मग काढा तो. का तुमच्या पायजम्यावर बोंबील सुकवू?"

गाडीच्या मागच्या उघड्या दारात बसलेल्या त्याच्या आई खो-खो हसल्या. तो मात्र कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा हं... आम्हाला वाटलं, गावानं पाहुण्यांसाठीच दोऱ्या बांधल्यात."

"आमी काय धर्मशाळा काढलीय हितं?"

बोलले खरी, पण तो इतका ओशाळला होता की माझा राग टिकेना. मंडळी मूळची नाशिकची. एकनाथ तारापूरला नवं वीजकेंद्र उभं राहत होतं तिथं फिटर होता, आणि बोईसरला खोली घेऊन राहायचा. सुट्टीला त्याची आई आणि शाळकरी बहीण सुलू आल्या होत्या. वडील टुरिस्ट गाड्या चालवायचे. ते गेल्यावर ही गाडी विकायची नाही, फिरवायची, असं आईंनी ठरवलं. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत स्टोव्ह, सतरंज्या, तंबू गाडीत टाकायचे आणि निघायचे!

पायजमा काढून झाल्यावर एकनाथ तिथंच घुटमळला. "मी मदत करू?"

"जमेल?"

"इंजिन खोलून परत बसवतो. मासा जमणार नाही?"

नाहीच जमला. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. त्याच्या जोड्या सुटून पटापट वाळूत. शेवटी मी त्याची बोटं धरून दाखवलं. "असं... हलक्या हातानं."

"हं."

"बोंबलाकडं बगा."

"बघतोय की."

"तो माज्या तोंडावर नाय!"

सुलू फिस्सकन हसली. मी गंभीर चेहरा करून पुढचा बोंबील उचलला, पण आतून मला असं काही छान वाटत होतं की काय सांगू.

त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी गाडी एडवणलाच आली. सुलू म्हणायची, "दादा, आपण डहाणूला जायचं होतं ना?" तो म्हणायचा, "रस्ता खराब आहे." रस्ता चांगला होता. तिसऱ्या शनिवारपर्यंत आमचं 'अहो-जाहो' गळून पडलं होतं, आणि त्याची जोडी दहातून आठ वेळा दोरीवर टिकत होती.

पण सुट्टी संपली. सोमवारी आई आणि सुलू नाशिकला परत निघणार होत्या. रविवारी सकाळी दोऱ्यांपाशी आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सांगून टाकलं.

"सातपाटीहून मागनी आलीय. सोताची बोट हाय त्याची. बाबा उद्या शब्द देनार."

त्याचा हात थांबला. "तुला... पसंत आहे तो?"

"आधी तू बोल."

"मला तू हवीस, मंजुळा." एका दमात बोलला तो. "पण मी पगारी माणूस. समुद्रात गुडघ्यापुढं कधी गेलो नाही. तुझे बाबा दारात तरी उभं करतील का? आणि आईला... आईला कसं सांगू, तेच कळत नाही."

मी हवीशी होते! बाकीचं मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

"इतकंच ना?" मी हात पदराला पुसले आणि निघाले.

"अगं, थांब... मंजुळा!"

आई आणि सुलू तंबू उतरवत होत्या. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले.

"आई, तुमचा एकनाथ मला आवडतो. त्यालाबी मी आवडते, पन तुमच्यापुढं त्याची जीभ उचलत नाय. येत्या रविवारपर्यंत मी बाबांना कसंबी थांबवते. तवर मागनी घाला. नाय आलात तर... मी वाट बगनार नाय."

शेवटचं साफ खोटं होतं. मी वर्षभरसुद्धा थांबले असते.

सुलूनं तोंडावर हात ठेवला. आई तंबूची दोरी हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"रविवारी?" त्या सावकाश म्हणाल्या. "तुझे बाबा आत्ता घरी आहेत?"

"हायत... जाळं दुरुस्त करतायत."

"मग रविवार कशाला हवा?" त्यांनी दोरी खाली टाकली. "सुलू, राहू दे तो तंबू. एकनाथ, गाडी काढ!"

एकनाथ धावत आला. "आई, असा? शर्टाला मासळीचा वास येतोय... बदलतो."

"तोच राहू दे," मी म्हटलं. "बाबांना वास वळखीचा हाय."

आई आणि सुलू मागं बसल्या, मी पुढं. त्यानं किल्लीला हात घातला. मी त्यावर माझा हात ठेवला, सगळ्यांदेखत.

"डावीकडं घे," मी म्हटलं. "आनि बाबा कायबी बोलले तरी मान खाली घालू नको. मी बाजूलाच उभी हाय."