सहावी जागा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण यात माझ्या पदरचं काही नाही. राजवर्धन माझा चुलतभाऊ, आणि हे घडलं बडोद्यातच, सुभानपुऱ्यातल्या त्याच्या माडीवरच्या खोलीत. गेल्या एप्रिलातला मंगळवार. दुपारचे तीन.

राजवर्धनचा तिघांचा बँड, ‘तिसरी पाळी’. सिंथवरच्या नाचायला लावणाऱ्या चाली आणि त्यात कारखान्यातल्या माणसांची दुःखं. त्यांचा ‘हजेरी’ अल्बम असा काही चालला की लहरीपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानांतही वाजायला लागला. मेलेल्या माणसांच्या गाण्यावर बायका पदर पसरून बघत होत्या. मला ते बरं वाटत नव्हतं.

कारण शेवटचं गाणं खरं होतं. वीस वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात टाकी फुटली आणि पाच कंत्राटी कामगार गेले. राजवर्धनचे वडील, आमचे भास्करकाका, तिथे हजेरी घ्यायचे. दुपारी तीनला पाळी सुटली की गेटवर एकेक नाव पुकारायचे. माणसाने ‘हाजर’ म्हणायचं आणि मगच बाहेर पडायचं. आपलं नाव पुकारलं नाही तर जागचं हलायचं नाही, असा नियमच होता.

गाण्यात काकांनी ती पाच नावं स्वतः पुकारली होती. प्रत्येक नावानंतर दोन ठोक्यांची जागा रिकामी. पाच नावं, पाच जागा, मग चाल सुरू.

त्या मंगळवारी राजवर्धन गाणं पुन्हा ऐकत होता. पाचवं नाव झालं. दोन ठोके गेले.

चाल सुरू झालीच नाही...

आणखी दोन ठोके रिकामे.

त्याने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. तिथे जागा पाचच होत्या. त्याने पुन्हा लावलं. आणि त्या सहाव्या जागेत...

कुणीतरी घसा खाकरला.

हाक येण्याआधी माणूस खाकरतो, तसा.

त्याने बँडचे कार्यक्रम ठरवणाऱ्या मितालीला फोन लावला. सकाळपासून लोक त्या रिकाम्या जागेचंच कौतुक करतायत, असं ती तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. खाकरणं तिला ऐकू आलं नव्हतं. “शेवटची ती शांतता काय जबरी टाकलीस तू. लोक रडतात ने. आता हात नको लावूस.”

राजवर्धन खाली गेला. काका झोपाळ्यावर होते. त्याने गाणं लावलं. सहावी जागा आली, तसा काकांनी पायाने झोपाळा थांबवला.

“तो दुसऱ्याच्या गेटपासावर आला होता,” ते म्हणाले. “आजारी मेहुण्याच्या बदली. मीच आत सोडला. मस्टरवर मेहुणा हाजर, आणि मेहुणा तर घरी जिवंत. त्याचं सापडण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी गप्प बस म्हटलं, मी बसलो.”

“नाव काय त्याचं, बाबा?”

काकांनी नाव सांगितलं. मग म्हणाले, “गाण्यात नको घालूस. या वयात मला कोर्टात उभं करतील.”

राजवर्धनचा वडिलांवर फार जीव. त्याने नाव घातलं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी शहरातच, वासण्याला बँडचा कार्यक्रम झाला. हजारभर पोरं. प्रत्येक नावानंतर सगळी मिळून ओरडायची, “हाजर.” सहाव्या जागेला मात्र सगळे चिडीचूप, तिथे गप्प राहायचं असतं हे आता त्यांना पाठ होतं. त्या शांततेत राजवर्धनच्या मानेमागे...

खाकरणं. आणि मग ताटकळत उभ्या माणसाचा श्वास.

नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर पहिल्या रांगेत काका बसले होते. त्याने चाल सुरू केली.

आता तो आवाज गाण्यापुरता राहिलेला नाही. घरात कुणी कुणाला हाक मारली की मागोमाग दोन क्षण सगळं थांबतं... काका हल्ली झोपाळ्यावर बसत नाहीत. दुपारी तीनला घराच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात. तोंड उघडतात. मिटतात.

ते नाव राजवर्धनने मला सांगितलंय. इथे लिहावं असं फार वाटलं. पण काका अजून आहेत, म्हणून मीही लिहिलं नाही.

हे लिहून संपलं तेव्हा तीन वाजले होते. खोलीत मी एकटाच...

खुर्चीमागे कुणीतरी घसा खाकरला.

मी वळून पाहिलं नाही. त्याला माझ्याकडून काय हवंय, ते मला ठाऊक आहे.